कलम चौथे : प्रथम लेखक

शके १९४६, पौष कृष्ण पंचमी, शनिवार, दिनांक १८ जानेवारी २०२५ रोजी दुपारी ठीक चार वाजता, लोहारा तालुक्यातील एका महाविद्यालयाच्या अध्यक्षीय दालनात कै. बब्रुवान मास्तर स्मृती संशोधन पुरस्काराच्या निवड समितीची बैठक भरली. तिन्ही सदस्य उपस्थित होते : संस्थेचे अध्यक्ष श्री. योगीराज बाबर, प्राचार्य डॉ. महांतेश कलशेट्टी, आणि त्याच महाविद्यालयात एकतीस वर्षे संस्कृत शिकवून निवृत्त झालेला मी, नागप्पा स्वामी. महाविद्यालयाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. ते भयाने नव्हे. त्या नावावर माझे अजून प्रेम आहे, आणि पुढे जे सांगायचे आहे ते त्या नावाशेजारी शोभणारे नाही.

या वर्षी पुरस्काराच्या योग्यतेचा शोधनिबंध एकच होता, याविषयी आम्हा तिघांत दुमत नव्हते. दुमत होते ते पुरस्कार कोणाच्या हाती द्यावा याविषयी. निबंधावर दोन नावे छापली होती : पहिले अमरसिंह बाबर, दुसरे शिवप्रिया येणेगुरे. अमरसिंह हा अध्यक्षांचा सख्खा पुतण्या. आमच्याच महाविद्यालयातून शिकला आणि आता बंगळूरला एका नामांकित संस्थेत संशोधन करतो. शिवप्रिया अणदूरची. सहा वर्षे ती आमच्याकडे संगणकशास्त्र शिकवीत आहे, परंतु तासिका तत्त्वावर. म्हणजे वर्गात उभी आहे तोवर शिक्षिका. घंटा झाली की ती कोणीच नाही.

आमच्या संस्थेचा एक शिरस्ता आहे. हा पुरस्कार ज्या तासिका शिक्षकाला मिळेल त्याला पुढच्या जूनपासून पूर्णवेळ नेमणूक देतात. आजवर दोघांना ती मिळाली आहे. आणि येत्या जूनपासून संगणक विभागातील तासिका निम्म्यावर आणण्याचा ठराव डिसेंबरातच होऊन गेला होता. तेव्हा पुरस्कार मिळाला तर शिवप्रिया राहणार, न मिळाला तर जाणार, इतका तो प्रश्न उघड होता. अमरसिंहाला या पुरस्काराने एक शाल मिळणार होती, आणि काकांच्या शेजारी उभे राहून काढलेले एक छायाचित्र.

निबंधाचा विषय मला कसा कळला, हे सांगितले पाहिजे, कारण समितीत तो कळलेला मी एकटाच होतो. अध्यक्षांनी निबंध उघडून पाहिला होता तो केवळ नावांपुरता. प्राचार्यांनी तो उघडलाच नव्हता.

दोन वर्षांपूर्वी एका दुपारी शिवप्रिया आणि मी लोहाऱ्याच्या जीपथांब्यावर उभे होतो. जीप भरल्याखेरीज निघत नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. किती भरली म्हणजे भरली, हे फक्त चालकाला ठाऊक असते. मी तिला विचारले, "तुझ्या शास्त्रात तू नेमके करतेस काय? संगणक बनवतेस म्हणावे, तर तसेही दिसत नाही."

ती हसली. "हा जीपवाला बघा, सर. आठ माणसं बसलीत. नववं येईल की नाही, याला माहीत नाही. निघावं की थांबावं?"

"अनुभवाने ठरवील."

"ठरवू द्या. त्यानं वाट्टेल तो नियम करू द्या. फक्त तो नियम मला आधी कळला पाहिजे. दहा मिनिटं थांबतो म्हणाला, तर मी नववं माणूस अकराव्या मिनिटाला पाठवीन. थांबतच नाही म्हणाला, तर तो हलला की मागून चौघं पळत येतील. त्याचा नियमच त्याला गोत्यात आणील."

"हा अन्याय आहे."

"हेच गणित आहे, सर. पुढं कोण येणार हे माहीत नसताना आधी केलेला कुठलाही नियम कुणाच्या तरी बाबतीत चुकतोच. कमीत कमी किती चुकणार, तो आकडा मला शोधायचाय. त्याच्या खाली कुणालाच जाता येणार नाही, असा."

मला मोठा आनंद झाला. चालकाचा नियम वाचून त्याच्यावर उलटणारा तिचा तो प्रतिपक्षी मला जुन्या ओळखीचा वाटला. आमच्या दर्शनग्रंथांतही पूर्वपक्षाला पुरते बोलू दिल्याखेरीज सिद्धान्ताचे तोंड उघडत नाहीत. एकवीस वर्षे जो आकडा कोणाला सापडत नव्हता तो तिने शोधून काढला, आणि अठ्ठावीस पानांत त्याची सिद्धता दिली. त्या अठ्ठावीस पानांतले गणित मला कळत नाही. पण एकही विधान तेथे उसन्या बळावर उभे नाही, एवढे मी वाचून सांगू शकतो. वाक्याचा तोल ओळखण्यात माझे आयुष्य गेले आहे.

बैठकीत मी हेच सांगू लागलो, तोच अध्यक्षांनी हात वर केला. "सर, निबंध चांगलाच हाय. त्यावर वाद न्हाय. चहा घ्या आधी."

मग त्यांनी खिशातून एक कागद काढून मेजावर ठेवला. ते अमरसिंहाचे पत्र होते. त्याने लिहिले होते की, मुख्य प्रमेय आणि त्याची सिद्धता संपूर्णपणे शिवप्रियाची आहे. त्याने प्रश्न सुचवला आणि शेवटचे प्रकरण लिहिले. त्यांच्या शास्त्रात लेखकांची नावे कामाच्या मानाने छापीत नाहीत, आडनावांच्या इंग्रजी वर्णक्रमाने छापतात. त्या क्रमात बाबर दुसऱ्या अक्षरावर येतात आणि येणेगुरे शेवटून दुसऱ्या. पहिल्या नावाला याहून अधिक अर्थ नाही. पुरस्कार शिवप्रियालाच द्यावा, अशी त्याची विनंती होती.

मी पत्र वाचले आणि मला वाटले की, बैठक संपली. माणसाने इतके भोळे असू नये, विशेषतः अडुसष्टाव्या वर्षी.

"पोरगं सरळ हाय आमचं," अध्यक्ष म्हणाले. "म्या पत्र लपवलं न्हाय, बघा. तुमच्या म्होरं ठिवलं."

"मग प्रश्न उरला कोठे?"

"प्रश्न तुमच्या नियमात उरलाय." त्यांनी टाचणी लावलेली चार पाने माझ्याकडे सरकवली. "प्राचार्य, वाचा की जरा. चौथं कलम."

प्राचार्यांनी चष्मा लावला आणि वाचले : "शोधनिबंधावर एकाहून अधिक लेखकांची नावे असल्यास प्रथमनिर्दिष्ट लेखक हाच मुख्य कर्ता मानला जाईल व पुरस्कार त्यासच देय राहील."

ते वाक्य माझे आहे. चारही पाने माझी आहेत. नऊ वर्षांपूर्वी, पुरस्काराच्या पहिल्याच वर्षी, रसायनशास्त्राच्या एका निबंधावर पाच नावे होती, आणि पाचही जण आपापल्या मोठेपणाची पत्रे घेऊन समितीपुढे बसले होते. त्यांतल्या एकाने तर मेहुण्याला साक्षीला आणले होते. त्या तमाशाने संतापून मी आठ दिवस घरी बसलो आणि पंधरा कलमांची नियमावली लिहिली. एकही शब्द अधिक नाही, एकही उणा नाही. तिचा मला अभिमान होता. रसायनशास्त्रात पहिले नाव मुख्य कर्त्याचे असते. म्हणून सर्व शास्त्रांत तसेच असणार, असे मी गृहीत धरले, आणि विचारले कोणालाच नाही.

"चौथे कलम या शास्त्राला लागू पडत नाही," मी म्हणालो. "येथे प्रथम नाव हा निव्वळ वर्णक्रमाचा योग आहे. स्वतः लेखकच तसे लेखी सांगत आहे."

"सातवं," अध्यक्ष म्हणाले.

प्राचार्यांनी वाचले : "प्रकाशनानंतर लेखकांनी परस्परांच्या वाट्याविषयी केलेले कोणतेही निवेदन ग्राह्य धरले जाणार नाही."

"तर मग पुरस्कार दोघांत विभागून द्यावा."

"पाचवं. म्हंजे, पुरस्कार अविभाज्य राहील. अविभाज्य. केवढा भारी शब्द टाकलाय, सर. म्या घरी दोनदा वाचला."

"नियम चुकला असेल तर तो दुरुस्त करता येतो. मी आत्ता दुरुस्ती मांडतो."

"मांडा की. अकराव्याप्रमाणं पुढल्या सालापास्नं लागू व्हईल. चालू सालच्या प्रस्तावाला न्हाय. ह्ये बी तुमचंच."

तेव्हा मला कळले की, हा माणूस नियमावली वाचून आला आहे. नऊ वर्षांत त्याने ती एकदाही वाचली नव्हती. या वर्षी वाचली, एकेका कलमावर बोट ठेवून वाचली, आणि मी कोणत्या दाराने बाहेर पडू पाहीन ते आधी ताडून प्रत्येक दारात माझाच एकेक शब्द उभा करून ठेवला. जीपचा नियम ठाऊक असलेला तो प्रतिपक्षी माझ्यासमोर बसून बशीतला चहा फुंकत होता.

मला राग आला. येथवर मी शांतपणे लिहिले आहे ते लिहिण्याच्या शिस्तीमुळे. त्या दालनात मी शांत नव्हतो. मी म्हणालो की, ज्याला या निबंधातील एक ओळ कळत नाही त्याने त्याचा मानकरी ठरवावा, हे मास्तरांच्या नावाला लाज आणणारे आहे. मी म्हणालो की, नियमाचा शब्द हेतूच्या सेवेसाठी असतो. हेतूचा गळा घोटण्यासाठी शब्द वापरणाऱ्याला नियमपालक म्हणत नाहीत.

"सर," अध्यक्ष म्हणाले, आणि त्यांचा आवाज जराही चढला नाही, "पोरगी तुमच्या समाजाची हाय. तुमाला कळवळा येणारच. आमी समजून घेतो."

"आणि पुतण्या कोणाचा आहे, हे मी समजून घेऊ काय?"

"घ्या की. पर नियम म्या लिव्हला न्हाय."

समाज तर प्राचार्यांचाही तोच होता. मी त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी चष्मा काढून पुसला, आणि म्हणाले, "स्वामी सर, भावना मान्य आहेत. पण उद्या कुणी कोर्टात गेलं, तर आपल्या हातात कागदच आहे ना?" या गृहस्थाने मला आयुष्यात एकदाच विरोध केला, आणि तोही माझ्याच वाक्याचा आधार घेऊन.

आता जे सांगतो ते मी गाळू शकलो असतो. त्या नियमावलीत नववे कलमही आहे. समितीतील एकाही सदस्याने लेखी भिन्नमत नोंदवले, तर निर्णय स्थगित होऊन प्रकरण विश्वस्त मंडळापुढे जाते. हे दार उघडे होते. अध्यक्षांनीच ते मला दाखवले.

"नववं ऱ्हायलं बघा, सर. लिव्हा तुमचं भिन्नमत. मंडळापुढं जाऊ. सतरा माणसं बसतील. त्यांच्यासमोर उभं ऱ्हावा आन् सांगा, की म्या लिव्हलेलं कलम चुकीचं हाय, म्या न इचारता लिव्हलं. आमी काय आडवनार न्हाय."

त्या सतरांपैकी अकरा माझे विद्यार्थी आहेत. शब्द विचार करून वापरावा, एकदा वापरला की त्याच्या पाठीशी उभे राहावे, हे मी त्यांना एकतीस वर्षे शिकवले. पेन माझ्या हातात होते. भिन्नमताची जागा कागदावर कोरी होती. मी ती कोरीच ठेवली, आणि तिच्या खाली, जेथे दोन सह्या आधीच झाल्या होत्या, तेथे तिसरी केली.

अध्यक्षांनी कागद उचलला. "आन् मानपत्र सालाबादप्रमाणं तुमच्याच हातचं. तुमच्यासारखं मराठी हितं कुणाला येतंय?"

दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी एसटीने अणदूरला गेलो. वाटेत मी अध्यक्षांना उद्देशून मनात एक भाषण रचत होतो. ते फार चांगले जमत होते. नीचपणाची तीन प्रकारांत विभागणी करून तिसऱ्या प्रकारात मी त्यांना बसवले होते. एवढ्यात, का कोण जाणे, मला आणखी एक दुपार आठवली.

निबंध छापायला पाठवण्यापूर्वी शिवप्रिया माझ्या घरी आली होती. "सर, अमरसिंह म्हणतोय, तुझं नाव आधी घालू. काम तुझं जास्त आहे. घालू का?"

मी विचारले होते, "तुमच्या शास्त्रात रूढी काय आहे?"

"वर्णक्रमाची."

"मग रूढी मोडू नये. ज्या शास्त्रात वावरायचे त्याची मर्यादा पाळावी. विद्वान माणूस नावाच्या जागेसाठी भांडत नाही."

ती मान हलवून गेली. ती गेली त्या वेळी पलीकडच्या कपाटात माझी नियमावली होती. मला चौथे कलम आठवले नव्हते.

येणेगुरे यांचे घर खंडोबाच्या देवळापासून दोन गल्ल्या अलीकडे आहे. शिवप्रियाची आई, इरम्मा, ओसरीत तूर पाखडत होती. सुपाच्या प्रत्येक झटक्याबरोबर भुसा अंगणात उडत होता. शिवप्रिया आतून पाणी घेऊन आली. माझा चेहरा पाहून ती तांब्या ठेवून समोर बसली.

मी सर्व सांगितले. माझा आवाज चढत गेला. योगीराज बाबरांनी कसा डाव मांडला, प्राचार्यांनी कशी मान खाली घातली, समाजाचा उल्लेख करून माझे तोंड कसे बंद करू पाहिले, हे मी सांगितले. इरम्माने सूप खाली ठेवले.

"म्हंजे जूनला पोरीला काढत्यात?"

"अन्याय आहे, इरम्मा. उघड अन्याय."

"व्हय, पर काढत्यात का?"

"हो," मी म्हणालो.

तिने सुपातली तूर बोटांनी एका कडेला सारली. "ह्यो नेम किती सालाचा म्हणालाव?"

"नऊ."

"नऊ सालात एकदाबी नवा केला न्हाय?"

"आवश्यकता वाटली नाही. नियम नीट लिहिला की..."

"आमचा खंडोबा सालातले काही म्हैनं नळदुर्गाला ऱ्हातो. तिकडं न्यायचा आसला, तर दोन्ही गावची माणसं दर साली कागद करत्यात," ती म्हणाली. "नवा कागद. गेल्या सालचा चालत न्हाय. द्येव त्योच, गावं तीच, वाटबी तीच. तरी दर साली बसत्यात आन् लिव्हत्यात. द्येवाचा कागद नवा लागतोय, आन् तुमचा नऊ सालं त्योच?"



"अव्वा, थांब जरा," शिवप्रिया म्हणाली. मग मला, "सर, नियमावली आणलीय?"

मी पिशवीतून ती चार पाने काढून दिली. ती वाचू लागली. ती माझे लेखन तसेच वाचत होती, जसे तिचे लेखन मी वाचले होते : सावकाश, एकेका विधानावर थांबून, कोठे काही निसटते का ते पाहत. तिला राग आला आहे असे दिसले नाही, आणि तेच मला सहन होईना. मी पुन्हा बोलू लागलो. मी म्हणालो की, मी मानपत्र लिहिणार नाही. मी म्हणालो की, या माणसाविरुद्ध मी वर्तमानपत्रात लिहीन, नावानिशी लिहीन, त्याला जिल्ह्यात तोंड दाखवायला जागा ठेवणार नाही.

"नववं कलम," ती म्हणाली.

मी थांबलो.

"एकानंही लेखी भिन्नमत दिलं, तर निर्णय थांबतो. असंच ना?"

"होय."

"काल दिलं असतं, तर आज हे थांबलेलं असतं."

"मंडळाने बहुधा तेच ठरवले असते. अध्यक्षांचे तेथे..."

"ते पुढचं. पुढं कोण काय करील, ते कुणालाच माहीत नसतं. काल तुमच्या हातात पेन होतं का?"

"होते."

"सही केलीत?"

हा प्रश्न टाळण्यासाठी मी मराठीत आणि संस्कृतात मिळून दहा मार्ग काढू शकलो असतो. सतरा विश्वस्त, अकरा विद्यार्थी, शब्दाची निष्ठा, पायंड्याचा धोका. प्रत्येकावर एकेक परिच्छेद माझ्या मनात तयार होता.

"केली," मी म्हणालो.

तिने चारही पाने नीट जुळवली, कडा सारख्या केल्या, टाचणी पुन्हा होती तेथेच लावली, आणि ती माझ्या हातात दिली.

"बाबरांनी नाही, सर," ती म्हणाली. "माझी नोकरी तुम्ही घालवलीत."